दगडी माणसाचं आवतन

आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन पदवी घेणारी मी पहिली. हे मी सांगते. कोणी विचारलं नाही तरी सांगते. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला कामरगाव यायच्या आत माझं बी.एस्सी. झालेलं कळलेलं असतं. बाबांनी पदवीच्या झग्यातला माझा फोटो देवघराच्या वर लावलाय, आणि आई उदबत्ती ओवाळताना हात जरा जास्तच वर नेते, असा मला संशय आहे. मी तिला अजून थांबवलेलं नाही.

तर एवढी शिकून मी अमरावतीहून घरी आणलं काय? एक डिग्री आणि एक वीस बाजूंचा फासा.

फाशाचं सांगते. हॉस्टेलात आम्ही काही मुली एक खेळ खेळायचो. त्यात पट नसतो, सोंगट्या नसल्या तरी चालतं. एक जण गोष्ट चालवते: हा किल्ला, हे जंगल, हा आला राक्षस. बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं होतात. आपण काय करणार ते सांगायचं आणि फासा टाकायचा. जमलं की फसलं ते फासा सांगतो. कोणी तलवारबाज होतं, कोणी जादूगारीण, कोणी चोर. आणि ज्याला माणूसच व्हायचं नसेल त्याला कन्स्ट्रक्ट होता येतं. म्हणजे कोणीतरी माती, लाकूड नाहीतर लोखंडाचा घडवलेला आणि मंत्र घालून चालता केलेला पुतळा. त्याला भूक नाही, झोप नाही, थकवा नाही. विष चढत नाही. मी नियमांचं ते पान वाचलं आणि म्हटलं, हीच मी.

कारण हॉस्टेलात बाहेर जेवायला जायचं निघालं की मला भूक नसायची. कोणी सणाला घरी चल म्हटलं की माझा अभ्यास राहिलेला असायचा. कोणाचं काही घ्यायचं नाही, हा माझा बाणा. लोक त्याला ताठा म्हणतात, पण लोक काय, काहीही म्हणतात.

माझा पहिला पुतळा मातीचा होता. वाटेत नदी लागली. मैत्रिणीची जादूगारीण म्हणाली, थांब, तुला मंत्राने उचलून पलीकडे ठेवते. मी म्हटलं, गरज नाही. मातीचा माणूस नदीत उतरला. दुसऱ्या काठाला त्याची फक्त ढाल पोचली. दुसरा लाकडाचा. त्याला आग लागली तेव्हा मी जाड आवाज काढून म्हणाले, "मला वेदना होत नाहीत. तुम्ही पुढे व्हा." मुली पुढे झाल्या. खेळात तसंच असतं, जा म्हटलं की जातात. तिसरा लोखंडी. तो खड्ड्यात पडला. वर दोर घेऊन सगळ्या उभ्या होत्या, फक्त मी 'दोर टाका' म्हणायची वाट बघत. मी म्हटलं नाही. पुढचं सगळं सत्र मी दर आठवड्याला जाऊन खड्ड्यात बसायचे. त्यांचा राक्षस मेला, राजकन्या सुटली, मला वरून ओरडून बातम्या मिळायच्या.

एवढा अनुभव गाठीशी घेऊन मी घरी आले. कारंज्याला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. घर आमचं कामरगावच्या शिवारात. वांगी, मेथी, सांबार पिकवायचं आणि कारंज्याच्या बाजारात न्यायचं. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईकडच्यांना हे दर वेळी सांगावं लागतं. रविवारी दुपारी जुड्या बांधून झाल्या की ओसरीवर सगळे पाय पसरून बसायचे. तिथे मी फासा काढला.

अर्थात गोष्ट मीच चालवणार. शिकलेली कोण? आईने जादूगारीण घेतली, दादाने तलवारबाज. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, ट्रॅक्टरवाला. आई पहिल्याच दाराशी म्हणाली, "मी दाराले आग लावतो."

"आई, दार दगडाचं आहे."

"असू दे. मी लावतो."

"नियमात बसत नाही ते."

"मंग ते जादू कायची व?"

मी तिला पान काढून दाखवलं. दादाला तलवार काढायला किती वेळ लागतो ते समजावून सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा समजावलं. त्याच्या पुढच्या रविवारी दादाने तलवार खाली ठेवली. म्हणजे पेन्सिल.

"मॅडम, आमी खेळून राह्यलो का पेपर देऊन राह्यलो?"

वैनी, म्हणजे दादाची बायको, तोवर खांबाला टेकून नुसती ऐकत होती. ती म्हणाली, "द्या माह्याकडं. मी सांगतो गोष्ट." आणि पदवीधर बाईचं राज्य गेलं.

वैनीचं माहेर पोहरादेवीकडचं. यात्रेच्या गर्दीत वाढलेली. तिला नियम माहीत नव्हते आणि करूनही घ्यायचे नव्हते. पण ती 'किल्ला' म्हणाली की आईची नजर समोरच्या गोठ्यावर जायची आणि तिथे किल्ला असायचा. तिच्या राक्षसाला दाढदुखी असायची. तिचा पहारेकरी तलवार रोखून पहिल्यांदा विचारायचा, कोन्या गावचे, कोनाचे. दादा खरंच उत्तर द्यायचा.

मला आता पात्र घ्यायचं होतं. मी घसा साफ करून सांगितलं, "मी कन्स्ट्रक्ट होणार. मंतरलेला पुतळा. या वेळी दगडाचा."

"म्हंजे पाट्या-वरवंट्याचा भाऊ," दादा म्हणाला.

"प्राचीन योद्धा आहे तो."

"खाते काय?" आईने विचारलं.

"काही खात नाही. झोपत नाही. थकत नाही."

बाबा अंगणात बैलांचे दोर वळत होते. ते खेळत नव्हते, पण त्यांचे कान ओसरीवरच असायचे. तिथून म्हणाले, "सर्व्हिसिंग कोन करते त्याची?"

"त्याला लागत नाही, बाबा."

"लागत नाई असं एकबी औजार म्या पाह्यलं नाई बाप्पा."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण प्राचीन योद्धे हसत नाहीत. तो बोलायचाही एकदम पुस्तकी. वैनीच्या गावकऱ्याने "राम राम" म्हटलं की माझा दगडी माणूस म्हणायचा, "मी आपल्या नगराचे रक्षण करण्यास सिद्ध आहे." दादा म्हणायचा, "हे दगड तहसील ऑफिसातून आलं वाटते."

असे बरेच रविवार गेले. गोष्ट अशी होती की एका किल्ल्यात सात दारांच्या आत खजिना आहे आणि तो गावाला परत आणायचा. आम्ही दारं ओलांडत गेलो. मधल्या काळात वैनीला दिवस गेले, आणि ती हळूहळू ओसरीवर उशी घेऊन बसायला लागली. सातवा महिना लागला तशी तिच्या माहेरून निरोप आला: पहिलं बाळंतपण, भाऊ न्यायला येतो. येतो कधी, तर पोळ्याच्या आदल्या दिवशी, रविवारी. कारण सोमवारी अमावस्या, त्या दिवशी पोटुशा बाईला कोणी घराबाहेर काढत नाही. मंगळवारी पोळ्याची कर, त्या दिवशीही प्रवास करत नाहीत. म्हणून रविवारीच, दिवे लागायच्या आत.

आणि वैनी गेली की गोष्ट गेली. परत येईल तेव्हा तिच्या हातात बाळ असणार, फासा नाही.

त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही सहावं दार ओलांडत होतो. वैनी म्हणाली, "दाराची वरची शिळा निसटली. खाली येऊन राह्यली." मी कोणाला बोलू दिलं नाही. दगडी माणूस पुढे झाला, शिळेखाली खांदा दिला. आई आणि दादा सरपटत आत गेले. मी जाड आवाजात म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. मला काही होत नाही."

वैनीने माझ्याकडे पाहिलं. "तुह्या खांद्याले तडा गेला, ताई."

"तो थकत नाही. लिहिलंय."

"थकत नाई लिवलं. झिजत नाई असं लिवलं का?"

मी पानं उलटली. तसं लिहिलेलं नव्हतं.

"शिळा उतरत हाय," वैनी म्हणाली. "आता पुढच्या रविवारी." आणि ती उशीला रेलली.

तो आठवडा मी प्रयोगशाळेत माती चाळत होते आणि डोक्यात शिळा. हसू नका. हॉस्टेलातले तिघे गेले होते, एक नदीत, एक आगीत, एक खड्ड्यात. हा चौथा तरी किल्ल्याबाहेर चालत यावा, असं मला फार वाटत होतं. नोकरीच्या मुलाखतीला मी एवढी घाबरले नव्हते. आणि वाचवायला एकच रविवार होता. मदत माग म्हटलं तर ते माझ्याने होणार नाही, हेही मला माहीत होतं. मी बसमध्ये बसून युक्त्या शोधायचे: कोणाला काही न म्हणता शिळेखालून कसं निघायचं. दगडाने जागच्या जागी काय काय करता येतं? फार काही नाही.

रविवार उजाडला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांद्याची कातडी राठ झालेली असते. तिथे गरम तूप आणि हळद लावतात, पळसाच्या पानाने चोळतात, आणि बैलाच्या कानाशी जाऊन त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण, देतात. आता घरात ट्रॅक्टर आहे आणि बैलजोडी एकच उरली, तरी बाबा दोघांचं साग्रसंगीत करतात. ट्रॅक्टरलाही हळदीचं बोट लावतात, पण त्याला बोलावत नाहीत.

दुपारी ओसरीवर डाव मांडला. वैनीची बॅग दाराशी भरून ठेवलेली. अंगणात तुपाचा वास. दादा आणि आईने सातव्या दाराशी उभं राहून मसलत सुरू केली. दादा म्हणाला, "कुलूप तोडतो."

"अन् मांगचा तो?" वैनीने विचारलं. "शिळेखाली गुडघ्यावर आला तो."

"मॅडम सांगतीन तसं," दादा म्हणाला. "सांगा मॅडम. येऊ काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'हो, ये' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी म्हणाले, "तुम्ही खजिना घ्या. कार्य महत्त्वाचे."

"गेलं हे दगड," दादा म्हणाला आणि फासा उचलला.

तेवढ्यात बाबांनी तूप मागितलं म्हणून आई उठली. ती अंगणात गेली, बैलांपाशी उभी राहिली, आणि परत आली ती हळद-तुपाची वाटी आणि पळसाचं पान हातात घेऊनच. बसली. म्हणाली, "मी दाराले आग लावत नाई."

आम्ही सगळे चकित. आईने आजवर एकही दार आग न लावता सोडलं नव्हतं.

"मी मांगं जातो," ती म्हणाली. "त्याचे खांदे शेकतो."

"आई, तो दगड आहे," मी म्हटलं. "दगडाला तूप चोळून काय होणार?"

दादाने फासा खाली ठेवला. "काहून? मारुतीले तेल लावत नाई का आपन दर शनिवारी? तो कायचा हाय? प्लास्टिकचा?"

माझ्या बी.एस्सी.त मारुती नव्हता.

आईने वाटीत बोट बुडवलं आणि खरंच माझ्या खांद्यावर टेकवलं. ड्रेस नवा होता. मग तिने, बैलाच्या कानाशी म्हणतात तसंच, हळू म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वैनी उशीवरून सरळ झाली. "शिळा थांबली," ती म्हणाली. "तड्यात तूप मुरलं. पन जू उतरते कवा? आवतन घेतलं तर. घेतलं का तुह्या दगडानं आवतन?"

"तो जेवत नाही, वैनी. त्याला पोटच नाही."

"पोट हाय का नाई ते माह्यं मी पाहीन. घेतलं का ते सांग."

नेमकी तेव्हा अंगणात जीप आली. वैनीचा मोठा भाऊ उतरला, बाबांना राम राम केला, आणि ओसरीच्या पायरीवर येऊन थांबला. त्याने पाहिलं ते असं: त्याची बहीण पेन्सिल उगारून बसलेली, तिची सासू हातात हळदीचं पान घेऊन, आणि नोकरीवाली नणंद खांद्याला हळद लागलेली, तोंड मिटून.

"बाई," तो वैनीला म्हणाला, "आजच खांदशेकनी झाली का हिची?"

"थांब भाऊ, दोन मिनिट. ताई हो म्हनत नाई."

"कायले?"

"जेवाले."

"अवं मंग म्हना ना हो, ताई," तो मला कळवळून म्हणाला. "दिवस बुडून राह्यला."

आता मला कोणी सांगावं, काय करू. 'नको' हा शब्द माझ्या तोंडात तयार असतो, बटण दाबलं की येतो. नको, जेवून आले. नको, मी करते. नको, होईल. माझ्याकडे पाहणारी ती सगळी डोकी, जीपचं चालू इंजिन, दाराशी ती बॅग. नदी, आग, खड्डा. आणि मला कळत होतं की मी आता नको म्हटलं तर ते ऐकतील. शिळा येईल, दादा कुलूप तोडेल, खजिना मिळेल, वैनी जीपमध्ये बसेल, आणि दगडी माणूस तिथेच राहील.

"घेतलं," मी म्हणाले. आवाज जाड काढायचा राहून गेला.

"टाक फासा," वैनी म्हणाली.

मी टाकला. तीन आला. वीसपैकी तीन.

"सुटला!" वैनी म्हणाली. "शिळा बाजूले पडली. आला बाहेर."

"असं कसं?" मी म्हटलं. "तीन आलाय. फसलं. बारा तरी लागतात अशा कामाला. नियम..."

"पाहा बापा," दादाने कपाळाला हात लावला. "मॅडम सोतालेच मारून राह्यल्या."

"नियम म्हणजे नियम."

"ताई," वैनी म्हणाली, "आवतनाले फासा लागत नाई. मीच सहज म्हनलं टाक म्हून. गोष्ट कोन सांगून राह्यलं? तू का मी?"

"तू."

"मंग झालं."

आणि खरं सांगते, तो दगडी माणूस शिळेखालून निघाला तेव्हा मी मांडी सोडून पाय पसरले. चौथा वाचला होता. वाचायचं कसं ते तीन पुतळे गमावून मला सापडलं नव्हतं, आणि वाचल्यावर पहिली गोष्ट मी काय केली, तर वाद घातला.

दादा म्हणाला, "चला, आता सातवं दार."

"कायचं दार?" आई म्हणाली. "बोलावलं ना त्याले? उद्या जेवाले बोलावलं. उद्या हे इथं असन का वाढाले?" हे म्हणजे वैनी.

वैनीने आपल्या भावाकडे पाहिलं. भावाने सूर्याकडे पाहिलं. वैनी म्हणाली, "किल्ल्यात रात गेली. उद्याचा दिवस निघाला. पोळा आला." आणि तिने जागा झाडून समोर एक पान मांडल्यासारखं केलं. "बसा, दगडबुवा."

तिने पुरणपोळी वाढली. त्यावर तूप. तिने वाढताना मनगट असं वळवलं की मला तिच्या रिकाम्या हातात ओट्यावरची तुपाची वाटी दिसली. सातवं दार, खजिना, गाव, सगळं तसंच राहिलं. आम्ही कोणी त्याचं नाव काढलं नाही. दादा विचारत होता की दगडाचं तोंड उघडते कुठून. आई म्हणाली, आधी घास लहान दे त्याले, सवय नाही. वैनीचा भाऊ पायरीवर बसला होता तो उठला, जीपपाशी गेला, इंजिन बंद केलं आणि परत येऊन बसला.

"दगड हाय त पुरन पचन का त्याले?" त्याने आपल्या बहिणीला विचारलं.

"पचन," बाबा अंगणातून म्हणाले. "कामाचं हाय ते."

वैनी एक पाय चपलेत घालून बसली होती. पोटावर हात, दुसऱ्या हाताने हवेतलं पातेलं धरलेलं. "बोला," ती मला म्हणाली, "वडे वाढू का? कढी हाय संगं."

"वाढ," मी म्हटलं. "थांब म्हनीन तवा थांबजो."